गोल्फमध्ये ग्रीनचा वेग आणि उतार यांचा पटवर नेमका काय परिणाम होतो?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की घरच्या क्लबवर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचलात की तुमचे बहुतेक होल दोन पटमध्ये (बॉल होलकडे घरंगळवायच्या फटक्यांत) आटपतात, पण मित्राबरोबर दुसऱ्या कोर्सवर गेलात की तीन-तीन, कधी चार पट लागतात. आणि पुढे म्हणताय, "तिथला उतार तर आमच्या ग्रीनसारखाच दिसतो." गोची नेमकी तिथेच आहे. उतार सारखाच असेल, पण ग्रीन जास्त फास्ट असलं तर बॉलच्या दृष्टीने तो उतार सारखा राहत नाही.

मी हे जरा महागात शिकलो. पुण्यात अख्खा पावसाळा खेळत होतो. त्या दिवसांत ग्रीन ओलं, गवत थोडं वाढलेलं, पट अक्षरशः ठोकावा लागतो. पाऊस संपल्यावर एका स्पर्धेसाठी दुसऱ्या कोर्सवर गेलो. पहिल्याच होलला माझा बॉल होलच्या वरच्या अंगाला, चार पावलांवर. कॅडी (काठ्या वाहणारा मदतनीस) म्हणाला, "साहेब, नुसता हात लावा." मी हातच लावला, निदान मला तसं वाटलं. बॉल होलच्या कडेला चाटून पुढे गेला, आता थांबेल मग थांबेल म्हणेस्तोवर ग्रीन ओलांडून खाली फ्रिंजमध्ये, म्हणजे ग्रीनच्या कडेच्या जरा उंच गवतात, जाऊन बसला. मी वळून पाहिलं तर कॅडी मुद्दाम झाडांकडे बघत होता. सभ्य माणूस.

त्या रात्री घरी बसून हिशोब मांडला, कारण मी पेशाने इंजिनियर आहे आणि अपमान आकड्यांत मांडला की जरा कमी टोचतो.

घरंगळणाऱ्या बॉलला थांबवतं ते गवत. गवताची पकड नेहमी बॉलच्या उलट दिशेने काम करते. उतार मात्र कायम खालच्या बाजूलाच ओढतो. त्यामुळे चढावर पट मारला की गवत आणि उतार दोघं मिळून बॉल अडवतात. उतारावर मारला की गवत अडवतं, उतार ढकलतो, आणि जी काही पकड शिल्लक उरते तेवढ्यावरच बॉल थांबतो. फास्ट ग्रीन म्हणजे गवताची पकड कमी असलेलं ग्रीन. पकड आधीच कमी, त्यातून उताराचा वाटा वजा करायचा, म्हणजे हातात काय उरणार?

आकड्यात सांगायचं तर आधी स्टिम्प, म्हणजे ग्रीनचा वेग मोजायचं माप, कळायला हवं. १९३५ ची यूएस ओपन पेनसिल्व्हेनियात ओकमाँटला झाली. तिथली ग्रीन्स आजही दहशतीसाठी प्रसिद्ध आहेत. प्रेक्षकांत मॅसॅच्युसेट्सचा एडवर्ड स्टिम्पसन नावाचा हौशी गोल्फर होता. जीन साराझेनसारख्या खेळाडूचा पट ग्रीनवरून घसरत बाहेर गेलेला त्याने पाहिला आणि ही ग्रीन्स जरुरीपेक्षा जास्त फास्ट आहेत असं त्याला वाटलं. पण वाटून काय उपयोग, दाखवायचं कसं? म्हणून त्याने लाकडाची एक खाचेची पट्टी केली. अमेरिकन गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, १९७६ साली ती सुधारून अ‍ॅल्युमिनियमची केली आणि दोन वर्षांनी क्लबांना द्यायला सुरुवात केली. आजचा स्टिम्पमीटर तोच: तीन फूट लांब पट्टी, मधे इंग्रजी व्ही अक्षरासारखी पन्हळ, टोकापासून अडीच फुटांवर बॉल ठेवायची खाच. पट्टीचं एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं हळूहळू उचलायचं. साधारण २० अंशांच्या कोनाला बॉल आपोआप खाचेतून सुटतो. हात जोरात की हळू हा प्रश्नच येत नाही, दर वेळी वेग तोच. मग बॉल किती फूट गेला ते मोजायचं. तीन बॉल एका दिशेने, तीन उलट दिशेने. १० फूट गेला तर स्टिम्प १०.

तेव्हाच्या पाहणीत अमेरिकेतल्या ग्रीन्सची सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास आली होती आणि नेहमीच्या खेळासाठी साडेआठ म्हणजे 'फास्ट' असं यूएसजीएच्या तक्त्यात छापलेलं होतं. आज साडेआठ म्हटलं तर क्लबातले लोक नाक मुरडतात. वास्तविक हे उपकरण एकाच कोर्सची अठरा ग्रीन्स एकसारखी ठेवता यावीत म्हणून आलं, क्लबाक्लबांत शर्यत लावायला नव्हे. पण माणूस आकडा दिसला की शर्यत लावतोच.

आता हिशोब. उतार टक्क्यांत धरू. २ टक्के म्हणजे एका मीटरला दोन सेंटीमीटर, इतका कमी की नुसत्या डोळ्याला धड दिसतही नाही. गवताची पकडही उताराच्याच भाषेत मांडता येते: किती टक्के उतार असला तर बॉल थांबणारच नाही, एकसारखा घरंगळत राहील? स्टिम्प ८ ला हा आकडा १० टक्क्यांच्या जवळ येतो, स्टिम्प १० ला ८ च्या किंचित खाली, स्टिम्प १२ ला साडेसहा.

यातून २ टक्के वजा करा किंवा मिळवा. स्टिम्प ८ च्या ग्रीनवर जो बॉल सपाटीला ८ फूट जातो, तो २ टक्के उतारावर १० फूट जाईल आणि तेवढ्याच चढावर साडेसहा. फरक साडेतीन फुटांचा. स्टिम्प १२ ला तेवढ्याच वेगाने सुटलेला बॉल उतारावर सव्वासतरा फूट जाईल आणि चढावर जेमतेम सव्वानऊ. फरक आठ फुटांचा. उतार तोच, २ टक्के. माझा फ्रिंजमध्ये गेलेला पट मला या आकड्यांत स्पष्ट दिसला.

याच कारणाने होल कुठे कापायचा यावर एवढी डोकेफोड होते. साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आतली जागा निवडतात. जुनी ग्रीन्स मंद गवताच्या काळात बांधलेली; तिथे चार-पाच टक्के उतारावरही बॉल थांबायचा. तेच ग्रीन आज १३-१४ पर्यंत फास्ट केलं की त्या जागा बादच होतात. २००४ च्या यूएस ओपनला शिनेकॉक हिल्स या कोर्सवर सातव्या होलचं ग्रीन वाऱ्याने आणि उन्हाने इतकं वाळलं की शेवटच्या दिवशी, चालू स्पर्धेत, दोन गटांच्या मधे त्यावर पाणी मारावं लागलं. जगातले सर्वोत्तम खेळाडू आणि बॉल ग्रीनवर ठरेना! पकड आणि उतार यांची वजाबाकी शून्याला टेकली की असं होतं.

आडव्या उताराचं, म्हणजे ब्रेकचं, गणितही याच वाटेने जातं. फास्ट ग्रीनवर तुम्ही पट हळू मारता, बॉलला होलपर्यंत जायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा जास्त वेळ उतार त्याला बाजूला ओढत राहतो. होलच्या तोंडाशी जेमतेम पोचेल अशा वेगाचा तीन मीटरचा पट घ्या, आडवा उतार २ टक्के. माझ्या हिशोबाने स्टिम्प ८ ला होलच्या वरच्या बाजूला ३० सेंटीमीटरवर निशाण धरावं लागतं, १० ला ३८, १२ ला ४६. म्हणजे ब्रेक स्टिम्पच्या प्रमाणात वाढतो, उताराच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्याही. बॉल थोडा जोरात, होलच्या फूटभर पुढे जाईल असा मारलात तर हे आकडे बरेच कमी होतात. म्हणूनच "ब्रेक किती आहे?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. तुम्ही किती जोरात मारणार हे आधी ठरवा, मग लाइन, म्हणजे बॉल कुठल्या रेषेवर सोडायचा ते.

आणखी एक. बॉल सुरुवातीला सरळ जातो असं वाटतं आणि खरं वळण शेवटी, वेग मेल्यावर घेतो. आपण हौशी लोक लाइन ठरवताना बॉलजवळचा भाग निरखून बघतो आणि होलजवळचा शेवटचा मीटर तसाच सोडतो. परिणामी बहुतेक चुकलेले पट खालच्या बाजूने जातात. तुम्ही तुमचे मोजून बघा. मी महिनाभर स्कोअरकार्डच्या कडेला 'वर' 'खाली' अशी नोंद ठेवली होती. 'वर' शोधावे लागत होते.

मग नव्या कोर्सवर करायचं काय? मी टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या वेळेच्या, वीस मिनिटं आधी पोचतो आणि सरावाच्या ग्रीनवर पहिली पाच मिनिटं होलकडे बघतच नाही. पटर (पट मारायची काठी) मागे उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत, पुढे डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत, एवढाच एक ठरलेला झोका. जरा सपाट जागा शोधून तीन बॉल या बाजूने, तीन त्या बाजूने, आणि पावलं मोजायची. घरच्या ग्रीनवर हा झोका सहा पावलं जातो. इथे आठ गेला तर समजायचं, आज प्रत्येक उतार घरच्यापेक्षा सव्वापट-दीडपट धरायचा. मग तोच झोका थोड्या चढावर आणि त्याच रेषेत उलट, उतारावर. या दोन अंतरांतला फरक डोळ्यांनी एकदा बघितला की हातही आपोआप शहाणा होतो.

यातली एक गंमत सांगतो. एका ओळखीच्या हेड माळ्याबरोबर संध्याकाळी स्टिम्प मोजत होतो. सपाट वाटलेल्या जागी एकीकडे ७ फूट १० इंच आला, उलट दिशेने १३ फूट. तो लगेच सरासरी काढून "दहाच्या वर आहे साहेब" म्हणून खूश. पण उतारावर साधी सरासरी फसवते, बॉल उतारावर जितका जास्त जातो तितका चढावर कमी होत नाही. दोन आकड्यांचा गुणाकार करून दुप्पट करायचा आणि त्यांच्या बेरजेने भागायचं. उत्तर आलं पावणेदहा. वर हेही कळलं की ती 'सपाट' जागा चांगली २ टक्के कललेली होती. तो बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मग वीस वर्षं मी हे सपाट समजून पाणी मारतोय."

आपल्याकडच्या ग्रीन्सबद्दल एक जास्तीची गोष्ट: बर्म्युडा गवताला (हरळीची जात) कल असतो. पाती एका दिशेला झुकलेली वाढतात. तुमच्या बाजूने बघताना ग्रीन चकाकलं तर पाती पुढच्या दिशेला झोपलेली आहेत, बॉल पळेल. गडद, मंद दिसलं तर पाती अंगावर येतायत, जोर लावा. होलच्या काठाकडेही बघा. ज्या बाजूचा काठ तपकिरी, फाटल्यासारखा दिसतो, गवत त्या दिशेला झुकलेलं असतं. शिवाय सकाळचं दव आणि संध्याकाळपर्यंत वाढलेलं गवत, दोन्हींनी वेग उतरतो. पहिल्या होलला आणि अठराव्या होलला ग्रीन एकच असेल असं गृहीत धरू नका. कॅडी "नदीकडं ओढतं साहेब" म्हणाला तर वाद घालू नका, त्याने त्या ग्रीनवर तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त फटके बघितलेत.

खेळताना माझा एकच नियम झालाय: ग्रीन फास्ट असेल तर अ‍ॅप्रोच शॉट, म्हणजे ग्रीनवर पोचवणारा फटका, होलच्या खालच्या बाजूला ठेवायचा. ध्वजापासून तीन मीटर वर असण्यापेक्षा पाच मीटर खाली बरं. खालून मारताना वेगात थोडी चूक झाली तरी बॉल फार पळत नाही आणि ब्रेकही कमी लागतो. आपल्या अदिती अशोकचं टोकियो ऑलिंपिक आठवा. लांब फटक्यांत ती तिथल्या बहुतेकींच्या मागे होती, तरी चौथी आली, ब्राँझच्या बरोबरीला एकच फटका कमी पडला. एवढं सगळं तिने मुख्यतः पटरवर उभं केलं होतं.

उतार किती टक्के हे पायाला कळायला हवं असेल तर सरावाच्या ग्रीनवर एक लाकडी फूटपट्टी ठेवा आणि तिच्यावर मोबाइलमधलं लेव्हल. ते अंशांत दाखवतं. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के. आधी डोळे मिटून दोन्ही पाय टाकून उभं राहा, मनात आकडा धरा, मग मोबाइल बघा. मी सुरुवातीला १ टक्क्याला ३ म्हणायचो. पंधरा-वीस वेळा केलं की अंदाज अर्ध्या टक्क्यापर्यंत येतो. फक्त हे खेळ सुरू व्हायच्या आधी. फेरी चालू असताना उतार मोजायचं कुठलंही उपकरण नियमात बसत नाही, आणि स्पर्धेत कुणी तक्रार केली तर दंडाचे फटके पटपेक्षा महाग पडतात.