मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) अपग्रेड केल्यावर कोर्समधल्या पीडीएफ उघडत नाहीत, परत कशा आणायच्या?

घाबरू नका, फाइली बहुतेक जागेवरच असतात. सोलापुरात आमच्या कॉलेजातही परीक्षेच्या तोंडावर हेच झालं: कोर्सची नावं दिसत होती, पीडीएफवर क्लिक केलं की ‘फाइल सापडली नाही’. मूडल फाइली मूडलडेटा या आपल्या डेटा फोल्डरातल्या फाइलडिर फोल्डरात ठेवतं, तेही ४० अक्षरी हॅशच्या, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून बनलेल्या सांकेतिक नावानं. म्हणून ‘युनिट २ नोट्स’ असं शोधत बसू नका.

आधी क्रॉन (ठरावीक वेळानं आपोआप चालणारी कामं) थांबवा, नाहीतर ट्रॅशडिर, म्हणजे काढलेल्या फाइलींचं फोल्डर, रिकामं होईल. मग कॉन्फिग डॉट पीएचपी या मूडलच्या सेटिंगच्या फाइलीमधला डेटारूट, म्हणजे मूडलडेटाचा पत्ता, बघा. आमचा नव्या, रिकाम्या फोल्डरकडे गेला होता. जुना पत्ता टाकताच सगळं दिसलं. तो बरोबर असेल तर फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे आहे का ते तपासा. शेवटी बॅकअपमधून फाइलडिर कॉपी करा, पण आहे त्यातलं काहीही पुसू नका.