बाळाला नीट ऐकू येतंय, तरी साइन लँग्वेज शिकवावी का? सासूबाई म्हणतात, पोर उशिरा बोलेल

नऊ महिन्यांच्या लेकीला ऑनलाइन 'बेबी साइन'चा क्लास लावावा का, आणि हातवाऱ्यांची सवय लागली तर ती उशिरा बोलेल का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाही. मी वाचलेल्या एकाही अभ्यासात तसं आढळलेलं नाही. आणि पहिल्याचं: खुणा खुशाल शिकवा, क्लासला पैसे घालू नका.

आमची लेक तान्ही होती तेव्हा माझ्याही फोनवर या जाहिरातींचा पूर आला होता, म्हणून मुळापासून वाचून काढलं. सगळ्याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुसान गुडविन या दोन मानसशास्त्रज्ञांपासून होते. २००० साली त्यांचा १०३ बाळांवरचा अभ्यास छापून आला. बाळं अकरा महिन्यांची असताना काहींच्या आईवडिलांना खुणा वापरायला शिकवल्या, आणि ती बाळं भाषेच्या चाचण्यांत पुढे निघाली. पण थोडीच, आणि काहीच चाचण्यांत. 'आठव्या वर्षी बुद्ध्यांक जास्त' हा जाहिरातवाल्यांचा लाडका दावा तर एका परिषदेत वाचलेल्या निबंधावर उभा आहे. शिवाय या दोघींनी याच विषयावर पुस्तकं आणि क्लास काढले, हेही ध्यानात असू द्या. २००५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी असले १७ अभ्यास तपासले, तर फायदा नक्की होतो म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना काही सापडला नाही.

मला सगळ्यात पटला तो एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांचा इंग्लंडमधला २०१३ चा अभ्यास. ४० बाळं, आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत. काहींना ब्रिटिश साइन लँग्वेजमधल्या खुणा, काहींना साधे हातवारे, काहींना नुसते शब्द आणि काहींना काहीच नाही. बोलण्यात कुणीच कुणाच्या पुढं गेलं नाही. फरक पडला तो आयांमध्ये. खुणा करणाऱ्या आया, बाळ न बोलता काय सांगतंय याकडं जास्त लक्ष द्यायला लागल्या. क्लास बाळाचा, शिकली आई!

आणि हे शिकायला कोल्हापुरात ऑनलाइन कशाला जायला पाहिजे? घरात आज्जी आहे की. टाटा, बाप्पाला जय, 'संपलं' म्हणून उलटे केलेले तळवे, अंगठा तोंडाकडं नेऊन 'पाणी', हे सगळं ती फुकटात शिकवते. आमच्या लेकीनं ती पाण्याची खूण आधी तांब्या बघून उचलली. मग नळ सोडला की करायची. एका संध्याकाळी तिला रंकाळ्याच्या कठड्यावर धरून उभं केलं, तर तिनं समोरचं अख्खं तळं बघितलं आणि अंगठा तोंडाला लावला. शेजारचा भेळवाला पण हसला. तोंडात अजून शब्द एकही नव्हता, पण तांब्यातलं, नळातलं आणि रंकाळ्यातलं एकच हे तिला कळलं होतं. पुढं 'पाई' म्हणायला लागली तशी खूण आपोआप सुटली. बहुतेक मुलांचं असंच होतं. हात आधी ताब्यात येतो, जीभ आणि ओठ नंतर.

तेव्हा करायचंच तर रोजच्या उपयोगाच्या चार-पाच खुणा घ्या: आणखी, पुरे, दूध, पाणी, दुखतंय. घरात सगळ्यांनी एकच खूण करायची. आणि खूण करताना शब्द तोंडानं बोलायचाच, तोही दर वेळी. मुकाट्यानं नुसते हात हलवत बसलात तर मात्र सासूबाईंची तक्रार रास्त म्हणावी लागेल.

जाहिरातीतल्या खुणा बहुधा अमेरिकन असतात. त्यांची दुधाची खूण म्हणजे धार काढल्यासारखी मूठ उघडमीट करणं. समोर म्हशीची धार काढून दूध देतात त्या आपल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ती कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. भारतीय खुणा हव्या असतील तर दिल्लीच्या इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटरचा दहा हजार शब्दांचा कोश व्हिडिओवर फुकट बघता येतो. फक्त पाच खुणा आल्या म्हणजे साइन लँग्वेज आली असं समजू नका. ती स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. खरं तर मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ऐकू येणाऱ्या बाळांसाठी क्लास विकले जातात, आणि ज्यांची मुलं जन्मापासून ऐकू शकत नाहीत अशा कितीतरी आईबापांना 'खुणा करू नका, बोलायची नाहीत' म्हणून सांगितलं जातं. ज्यांना या भाषेची खरी गरज, त्यांनाच ती नाकारायची!

एक गोष्ट मात्र करा. जन्मानंतर कानाची ओएई चाचणी झाली होती का, ते फाइल काढून बघा. झाली नसेल तर करून घ्या. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. कुकरच्या शिट्टीला दचकत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, वर्षाची झाली तरी बोट दाखवत नसेल, किंवा सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नाही, तर खुणाबिणा बाजूला ठेवून आधी सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात नाहीतर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तेव्हा घरातलं कुणी 'हिचा बापपण तिसऱ्या वर्षी बोलला' म्हणालं, तरी थांबू नका.