अर्थिंगच्या खड्ड्यात मीठच का, साखर का नाही?

प्रश्न: सर, आमच्या शेतात मोटारीच्या अर्थिंगसाठी खड्डा खांदला, वायरमन काकांनी त्यात कोळसा आन मीठ टाकलं. मी म्हणलं मीठच का, साखर का नाही, तर ते नुसते हसले.
– दहावीची विद्यार्थिनी, परळी तालुका

उत्तर: हसू देत, प्रश्न लई भारी आहे. बघ, मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियमची इलेक्ट्रॉनची मांडणी २, ८, १ अन् क्लोरीनची २, ८, ७, म्हणजे एकाला शेवटचा एक जड झालाय आणि दुसऱ्याला एकच कमी पडतोय, मग सोडियम तो देऊन टाकतो, दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत ८ होतात, एक धन आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण), एक ऋण, आणि ते एकमेकाला ओढून धरतात. (फुकट काही नाही बरं, इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागतेच, ती आयन जवळ आल्यावर वसूल होते.) पाण्यात हे आयन सुटे फिरतात, अर्थिंगचा करंट जमिनीत तेच वाहून नेतात. साखरेत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, १९१६ साली लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं सांगितलेली जोडी ती हीच. साखर विरघळली तरी रेणू अख्खाच राहतो, आयन नाहीत म्हणून करंट नाही, मुंग्यांची मात्र चंगळ. आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत जा, कोरड्यात मीठ असून नसल्यासारखंच.