वाचक विचारतात : अल्काट्राझमधून निसटलेले तिघे

प्रश्न : अमेरिकेतील अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगातून कैदी चमच्यांनी भिंत पोखरून पळाले, असे नेहमी सांगितले जाते. इतक्या कडक पहाऱ्यात हे खोदकाम कोणाच्याच लक्षात कसे आले नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चमच्यांची गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील हे बेट १९३४ पासून संघीय तुरुंग होते आणि इतर तुरुंगांना न आवरणारे कैदी तेथे धाडले जात. फ्रँक मॉरिस, जॉन व क्लॅरेन्स अँग्लिन हे भाऊ आणि ॲलन वेस्ट या चौघांच्या कोठड्या जवळजवळ होत्या. डिसेंबर १९६१ च्या सुमारास त्यांची आखणी सुरू झाली. प्रत्येक कोठडीच्या मागच्या भिंतीत, बेसिनखाली हवेसाठी एक छोटी जाळी होती. तिच्या भोवतीचे काँक्रीट खाऱ्या दमट हवेने भुसभुशीत झालेले होते; मुंबईत समुद्राकाठच्या जुन्या इमारतींचे खांब पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. या काँक्रीटमध्ये धार लावलेल्या चमच्यांनी आणि व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरीपासून बनवलेल्या गिरमिटाने लागून लागून छिद्रे पाडली, की जाळीसह भिंतीचा तुकडाच निघून येई. संध्याकाळी कैद्यांना वाद्ये वाजवण्याची मुभा होती, त्या गोंगाटात हा आवाज लपून जाई.

मात्र खोदकामापेक्षा मला अधिक विलक्षण वाटते ती पुढची कारागिरी. भिंतीमागे नळ व तारा नेण्यासाठी एक अरुंद बोळ होता आणि तेथे पहारा नसे. त्या नळांवरून चढून चौघांनी कोठड्यांच्या माथ्यावर, इमारतीच्या छपराखाली, गुप्त कारखानाच थाटला. पन्नासहून अधिक रेनकोट गोळा करून त्यांनी सुमारे सहा फूट रुंद व चौदा फूट लांब तराफा आणि तरंगण्याची जाकिटे शिवली. शिवणी वाफेच्या गरम नळांवर धरून पक्क्या केल्या, लाकडाची वल्ही केली आणि तराफ्यात हवा भरण्यासाठी कॉन्सर्टिना हे भात्याचे वाद्य वापरले. रात्रीच्या मोजणीत पहारेकऱ्याला अंथरुणात डोके दिसले की पुरे, हे ओळखून साबण, टूथपेस्ट, काँक्रीटची भुकटी आणि टॉयलेट पेपर यांच्या लगद्याची डोकी घडवली, रंगवली आणि त्यांवर केशकर्तनालयातून आणलेले खरे केस चिकटवले. ११ जून १९६२ च्या रात्री हीच डोकी तिघांच्या जागी झोपली आणि सकाळपर्यंत कोणाला काही कळले नाही.

वेस्ट मात्र मागे राहिला. ढासळू लागलेले भोक सावरण्यासाठी त्याने वापरलेले सिमेंट कडक झाले आणि ते पुन्हा रुंद करून तो वर पोहोचेपर्यंत बाकीचे निघून गेले होते. योजनेचा बराचसा तपशील तपास अधिकाऱ्यांना मिळाला तो त्याच्याच जबानीतून.

प्रश्न : ते तिघे जिवंत किनाऱ्याला लागले असतील का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : माझे मत नकारार्थी आहे, पण ते मत आहे, निर्णय नव्हे. किनारा जेमतेम दोन किलोमीटरवर होता. अडचण अंतराची नसून साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसच्या पाण्याची आणि उपसागराला महासागराशी जोडणाऱ्या गोल्डन गेट सामुद्रधुनीकडे खेचणाऱ्या ओहोटीची होती. वेस्टच्या सांगण्याप्रमाणे एंजल बेट गाठून, तेथून मुख्य भूमीवर जाऊन कपडे व मोटार चोरायची होती. परंतु तशा चोरीची नोंद सापडली नाही. वल्ह्यासारखे लाकूड, घरगुती जाकीट आणि रबरात गुंडाळलेली पत्रे तेवढी हाती लागली. दुसऱ्या बाजूने, २०१४ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी संगणकावर त्या रात्रीचे प्रवाह मांडून दाखवले, की मध्यरात्रीच्या सुमारास निघालेला तराफा उत्तर किनाऱ्याला लागू शकला असता. पलायनाच्याच वर्षी, डिसेंबर १९६२ मध्ये, जॉन पॉल स्कॉट हा अल्काट्राझचाच दुसरा कैदी पोहत गोल्डन गेट पुलाजवळच्या फोर्ट पॉइंटपर्यंत पोहोचला खरा, पण तेथे तो गारठून अर्धमेल्या अवस्थेत सापडला. एफबीआयने १९७९ च्या अखेरीस आपला तपास बंद केला आणि प्रकरण फरारी कैद्यांचा शोध घेणाऱ्या यूएस मार्शल सेवेकडे गेले.

प्रश्न : या पलायनामुळेच तुरुंग बंद झाला का?
– तेच वाचक

उत्तर : नाही. बेटावर गोडे पाणी नव्हते, त्यामुळे पाण्यासह सारे काही बोटीने न्यावे लागे. १९५९ मध्ये तेथे एका कैद्यामागे रोजचा खर्च दहा डॉलरच्या वर जात होता, तर अटलांटाच्या तुरुंगात तो तीन डॉलर होता. शिवाय खाऱ्या हवेने खंगलेल्या इमारतींच्या दुरुस्तीला तीस ते पन्नास लाख डॉलर लागतील, असा अंदाज होता. २१ मार्च १९६३ रोजी शेवटचे कैदी हलवण्यात आले.