'कुंचला खाली ठेवला' म्हणू नका, दाद द्या

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या गणेशोत्सवाच्या भित्तिपत्रकात यंदा राजकीय व्यंगचित्रकारांवर एक पान आहे, खास करून जे पेपरातलं रोजचं कार्टून थांबवून निवृत्त झाले त्यांच्यावर, आणि पानाचं नाव ठरलंय 'कुंचला खाली ठेवताना : एक कौतुक'. हे नाव बरोबर वाटतं का, आणि मुळात 'व्यंगचित्र' लिहायचं की 'व्यंग्यचित्र', कारण मुलं शाळेत हिंदीत य लावून शिकतात.

आधी य चं सांगतो. आपल्या इंदुरात हा गोंधळ होणारच, कारण हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण दोन्ही रोज ऐकतो. हिंदीतला 'व्यंग्य' हा व्यंजनेतून आलेला, म्हणजे जे उघड न बोलता सुचवलंय ते. मराठीतलं 'व्यंग' म्हणजे दोष, न्यून, ज्याच्या उलट 'अव्यंग'. मराठीत व्यंगचित्र हाच शब्द रुजलाय, य लावायची गरज नाही, तेव्हा तुमच्या पानावर व्यंगचित्रच लिहा. पण मुलांना दोन्ही अर्थ जरूर सांगा, कारण चांगलं राजकीय कार्टून दोन्ही करतं, सत्तेतलं व्यंग दाखवतं आणि ते सुद्धा न बोलता.

आता कुंचला. शब्द गोड आहे, आपल्या भिंती रंगवायच्या कुंच्याचा आणि हिंदीतल्या कूचीचा हा सख्खा भाऊबंद. पण 'कुंचला खाली ठेवला', 'कुंचला विसावला', 'कुंचला थांबला' हे मराठी पेपरात कधी छापून येतं आठवा बरं. माणूस गेल्यावर. 'लेखणी थंडावली', 'सूर हरपला' याच पंगतीतले हे मथळे. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा कोणीतरी एका निवृत्त होणाऱ्या चित्रकाराबद्दल 'कुंचला विसावला' एवढंच टाकलं आणि दहा मिनिटांत हात जोडलेले फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती सुरू, माझ्या आत्याने तर फोन करून हळहळ केली. तो माणूस घरी धडधाकट! मला तेव्हा फार वाईट वाटलं, जिवंतपणी ज्याचे आभार मानायचे त्याला आपण शब्दाच्या चुकीने पोहोचवून आलो.

आणि अर्थानेही ते खोटं आहे. हे लोक चित्र सोडत नाहीत हो, रोजची बातमी आणि रोजची डेडलाइन सोडतात. फ्रान्सचे प्लांतू बघा, १९७२ पासून ल मोंद या पेपरात काढत होते, ३१ मार्च २०२१ ला तिथून निवृत्त झाले, म्हणजे जवळजवळ ४९ वर्षं! आपले आर. के. लक्ष्मण १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियात तो चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन काढायचे, २००३ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू गेली तरी त्यांचं काढणं सुटलं नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९७५ साली, आणीबाणीत, आपलं व्यंगचित्रांचं साप्ताहिक शंकर्स वीकली बंद केलं, तिथे 'निवृत्त' हा शब्दच बसत नाही. बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० मध्ये फ्री प्रेस जर्नल या पेपरातली व्यंगचित्रकाराची नोकरी सोडून मार्मिक हे साप्ताहिक काढलं, तीही निवृत्ती नव्हे. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे नेमकं काय थांबलं ते लिहा, 'रोजच्या कार्टूनमधून निवृत्त', 'साप्ताहिक बंद केलं', 'नोकरी सोडली'. नुसतं 'निवृत्त' चालेल, तो शब्द चांगला आहे, प्रवृत्तच्या उलट, एखाद्या कामातून मागे फिरलेला. 'सेवानिवृत्त' मात्र नको, त्यात पेन्शनीचा वास येतो, आणि राजकीय व्यंगचित्रकार कोणाची सेवा करत नसतो.

राहिलं 'कौतुक'. माझी अडचण इथे आहे. कौतुक बहुतेक वेळा वरून खाली येतं, आजी नातवाचं करते, बाई वर्गातल्या मुलाचं करतात, नव्या सुनेच्या पुरणपोळीचं होतं. ज्याने चाळीस-पन्नास वर्षं मंत्र्यांना झोपू दिलं नाही त्याचं आपण कौतुक करायचं म्हणजे त्याच्या पाठीवर थाप मारल्यासारखं होतं. गौरव, सत्कार हे शाल-श्रीफळाचे शब्द. आपल्याकडे बोलताना सगळे 'तारीफ' म्हणतात, ते मोकळं आहे पण कोणाचीही होते, पोह्यांची सुद्धा.

माझं मत, 'दाद' घ्या. मूळ फारसी शब्द, अर्थ न्याय. तोच अर्थ आपल्या 'दाद मागणे'त आहे, कोर्टात दाद मागतात, सरकारदरबारी दाद मागतात, आणि ना दाद ना फिर्याद झालं की माणूस हताश होतो. गाण्याच्या मैफलीत आपण देतो ती पण दादच, कलेला तिचा न्याय देणं. आणि तिसरा वापर तर ऐकाच, 'तो कोणाला दाद देत नाही', म्हणजे कोणापुढे नमत नाही. आता हे तिन्ही एका माणसाला लावून बघा. राजकीय व्यंगचित्रकार आपल्या वतीने दाद मागतो, सत्तेला दाद देत नाही, आणि आपण त्याला दाद द्यायची. एवढा घट्ट बसणारा शब्द मला दुसरा सापडलेला नाही!

दाद न देणं म्हणजे काय ते पाहायचं तर अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ चं इंडियन एक्सप्रेसमधलं कार्टून पानावर नक्की लावा. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेत, दाराबाहेरच्या हाताला सही केलेला अध्यादेश परत देतायत, आणखी असतील तर थांबायला सांगा म्हणतायत. आणीबाणी चालू, सेन्सॉर चालू, आणि हे छापून आलं.

माझे वडील कार्टून कापून ठेवायचे. राजवाड्याजवळच्या दुकानावर मुंबईचा पेपर शिळा होऊन यायचा, रात्री जेवण झालं की ते ब्लेडने चौकट कापायचे, मागे खळ लावायचे (आमच्या घरी तिला लेईच म्हणत) आणि जुन्या हिशेबाच्या वहीत चिकटवून वर तारीख टाकायचे. मी विचारायचो याचा अर्थ काय, तर म्हणायचे, आधी नीट बघ, मग सांगतो. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, कागद पिवळा पडलाय, खळीला कसर लागलीय, काही नेते आता ओळखू येत नाहीत पण चित्रं कळतात. ताई, पानासाठी हव्या असतील तर घेऊन जा, फक्त पानं सपाट ठेवून उलटा, कडा तुटतात.

नाव सुचवायचं तर 'दाद : निवृत्त व्यंगचित्रकारांना'. आणि जे हयात आहेत त्यांच्या चित्राखाली जन्मसालापुढे ती आडवी रेघ ओढू नका, मुलं सवयीने ओढतात.