कित्तूरचे बंड केवळ दत्तकामुळे झाले का?

प्रश्न : दत्तक नामंजूर करून संस्थाने खालसा करण्याचे धोरण डलहौसीने १८४८ पासून राबवले, असे आम्ही शाळेत शिकलो. मग त्याच कारणावरून कित्तूरचे बंड १८२४ मध्येच कसे झाले?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : डलहौसीने या धोरणाचा सपाटा लावला, पण दत्तकाला मंजुरी देण्याचा अधिकार आपला आहे, हा ईस्ट इंडिया कंपनीचा दावा त्याच्या कितीतरी आधीचा होता. १८१८ मध्ये पेशवाईविरुद्ध बेळगाव आणि धारवाडच्या मधल्या कित्तूर या छोट्या संस्थानाने कंपनीला साथ दिली होती, त्यामुळे आपली देशगत, म्हणजे देसाईकीचे वंशपरंपरागत वतन, सुरक्षित राहील अशी तिथल्या घराण्याची रास्त अपेक्षा होती. सप्टेंबर १८२४ मध्ये देसाई शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारले. त्यांनी शिवलिंगाप्पाला दत्तक घेतले होते, परंतु धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तकपत्राविषयीच संशय घेतला, मुंबई सरकारचा निर्णय होण्याआधी खजिन्याला मोहोर लावली आणि वाड्यावर पहारे बसवले. देसाईंच्या सावत्र आई राणी चन्नम्मांनी अर्ज करायचे ते मुंबईला आणि दारात उभा धारवाडचा शिपाई, अशी ही कोंडी होती. माझ्या मते बंडाचे तात्कालिक कारण दत्तकाच्या नकारापेक्षाही या मोहोरेत आणि पहाऱ्यात आहे. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचे दरवाजे उघडण्यासाठी थॅकरेने तोफा आणल्या, तेव्हा आतून कित्तूरचे सैन्य तुटून पडले आणि त्या चकमकीत तो मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आणून कंपनीने किल्ला घेतला आणि चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवले.

मात्र वाड्यातल्या वारसाहक्कासाठी गावोगावचे लोक जिवावर उदार का झाले, हे समजून घ्यायचे तर शेतसनदी पाहावे लागतात. गावची राखण आणि वेळप्रसंगी लढाई या चाकरीच्या मोबदल्यात त्यांच्याकडे जमिनी असत. देशगत बुडाली की चाकरी जाणार आणि चाकरीबरोबर जमीनही, ही भीती त्यांच्या घरात शिरली होती. संगोळ्ळी रायण्णा अशाच घरातला. १८२९-३० मध्ये त्याने पुन्हा उठाव केला, सरकारी कचेऱ्यांवर हल्ले चढवले, आणि त्याला आश्रय मिळाला तो आपल्याच खानापूर तालुक्यातील रानांत. १८३१ मध्ये त्याला फाशी दिली तीही याच तालुक्यातल्या नंदगडला, म्हणून या लढ्याचा वारसा कन्नड भाषकांइतकाच इथल्या मराठी माणसांचाही आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. जमिनीसाठी पेटलेल्या या माणसांनी गादीवर बसवायचे ठरवले होते ते कंपनीने नाकारलेल्या त्याच दत्तक शिवलिंगाप्पाला.