पहिल्यांदाच बाथरूम नव्याने करून घेताय? खर्च असा धरा

घाबरू नका, जमेल. फक्त टाइल्सच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि वॉटरप्रूफिंगला हात आखडता घेतात. आमचंही तेच झालं. वर्षभरात खालच्या काकूंनी छताला आलेली ओल दाखवली आणि नवी फरशी पुन्हा फोडावी लागली.

म्हणून आधी न दिसणाऱ्या कामाचे पैसे बाजूला काढा: तोडफोड, राडारोडा उचलणं, पाइप, वॉटरप्रूफिंग. ते झालं की पाणी भरून किमान 24 तास ठेवा, खाली जाऊन छत स्वतः बघा, मगच फरशी.

टाइल्स मोजून घ्या. 5 बाय 8 फुटांची बाथरूम, 7 फुटांपर्यंत भिंती, दार वजा: जमिनीसकट साधारण 205 चौरस फूट. वर 10 टक्के तुटफुटीसाठी. नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

मजुरीचं कोटेशन लेखी घ्या. सिमेंट-वाळू कोणाची, तेही त्यात असू द्या. आणि बजेटमधले 15-20 टक्के राखून ठेवा, कारण भिंतीतला जुना पाइप कसा निघेल ते फोडल्यावरच कळतं. पैसे कमी पडले तर काचेचं पार्टिशन नंतर बसवा, गीझरचा पॉइंट मात्र आत्ताच काढून घ्या.